ताईसाठी तेरा सेकंद

माझ्या पायांत जेवढी ताकद आहे, तेवढी आमच्या आख्ख्या टीममध्ये मिळून नाही, असं मी ट्रेनरला सांगितलं तेव्हा सगळ्या ऐकत होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशाच आवाजात सांगितलं होतं.

"आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो," मी म्हटलं, "आणि लिफ्ट दीड वर्षं बंद आहे. रोज तीन वेळा चढउतार, तीही पिशव्या घेऊन. तुम्ही बाकीच्यांची चाचणी घ्या. माझी नाही घेतली तरी चालेल."

ट्रेनर सव्वीस वर्षांची. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, चेहऱ्यावर काहीच नाही.

"घेऊन टाकू काकू," ती म्हणाली. "एकदाच तर आहे."

काकू ऐकून माझी निम्मी ताकद तिथेच गेली.

चाचणी दिसायला सोपी होती. जमिनीवर चार शंकू मांडलेले. सरळ दहा मीटर पळत जायचं, मधल्या शंकूला हात लावायचा, तिथून डावीकडे पाच मीटर खेकड्यासारखं आडवं सरकायचं, मग तसंच उजवीकडे दहा, परत मध्यावर पाच, आणि शेवटी उलटं पळत सुरुवातीच्या जागी. तोंड सगळा वेळ समोर. तेरा सेकंदांच्या आत आलात तर मॅचमध्ये खेळायचं, नाही तर टाळ्या वाजवायच्या.

शिट्टी झाली. मी निघाले, आणि काय निघाले. मधल्या शंकूपर्यंत मी इतक्या जोरात पोचले की शंकू हातातच आला. थांबणं मात्र आलं नाही. शंकू घेऊन मी तशीच पुढे गेले आणि ज्याच्यावर हाताने आकडे बदलतात त्या स्कोअरबोर्डावर जाऊन आदळले. बोर्ड आडवा झाला, आकडे भराभर पलटले आणि नव्व्याण्णव विरुद्ध शून्य असा स्कोअर लागला. नव्व्याण्णव कोणाचे, ते मी विचारलं नाही.

"किती झाले?" मी जमिनीवरूनच विचारलं.

"वेळ मोजताच आली नाही," ट्रेनर म्हणाली. "तुम्ही परत आलाच नाहीत."

मग तिने मला बाकावर बसवलं आणि कोपराला बर्फ लावत समजावलं. "ताकद आहे काकू, खोटं नाही बोलत. पण ताकद म्हणजे तुम्ही किती ओझं उचलता ते. पॉवर म्हणजे तेच किती पटकन. आणि बास्केटबॉलमध्ये चपळाई म्हणजे ताकद पटकन लावायची, पटकन काढायची, आणि दुसऱ्या दिशेला पुन्हा पटकन लावायची. तुमची ताकद सावकाश येते. आणि एकदा आली की थांबत नाही."

"सासरच्या पाहुण्यांसारखी," आमची कॅप्टन म्हणाली. तिचं वह्या-पेनांचं दुकान आहे आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून साठलेलं सगळं ती संध्याकाळी मैदानावर काढते.

चाचणीचं हे खूळ उगाच आलेलं नव्हतं. मागच्या वर्षी जुन्या खेळाडूंची मॅच ठेवली होती, त्यात पहिल्या दहा मिनिटांत तिघी जायबंदी झाल्या. त्यातली एक तर खेळतही नव्हती, लिंबू-सरबत वाटत होती. तेव्हापासून क्लबने नियम केला. चाळिशीच्या पुढची प्रत्येक बाई चाचणी देऊनच कोर्टवर उतरेल. यंदा क्लबला पन्नास वर्षं होत होती, मॅच सहा आठवड्यांवर आली होती, आणि त्या मॅचसाठी अठरा वर्षांनी ताई येणार होती.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती परदेशी गेली तोवर आम्ही दोघी एकाच टीममध्ये खेळलो. मला सगळे भोवरा म्हणायचे, कारण मी जागच्या जागी वळायचे. आमची एक चाल होती. मी चेंडू घेऊन कोपऱ्याकडे सुसाट सुटायचे, समोरच्या टीमच्या दोघी-तिघी माझ्यामागे. कोपऱ्यावर पोचले की एका पावलात गप्पकन थांबायचे. त्या बिचाऱ्या पुढे निघून जायच्या. मग मी न बघता डावीकडे चेंडू टाकायचे. मी टाकायचे तेव्हा तिथे कोणीच नसायचं. चेंडू पोचायच्या आत ताई तिथे पोचलेली असायची. तिच्या बुटांचा चर्रकन आवाज यायचा, मग जाळीचा. मी ते बघायचेसुद्धा नाही. आवाजावरून कळायचं.

अजूनही बाजारात काही आठवून मी एकदम थांबले की माझी मान डावीकडे वळते. तिथे बहुतेक कोणीतरी फोनवर बोलत उभं असतं आणि ते मला रस्ता देतं.

दर रविवारी ताईचा फोन येतो. तिच्याकडे सकाळ, माझ्याकडे संध्याकाळ. तिकडचं हवामान, इकडचं हवामान, तिचा गुडघा, माझी कंबर, जेवलीस का. आई गेल्यावर वाटलं होतं, आता बोलणं वाढेल. ते उलट आखडलं. दोघी एकदमच एखादं वाक्य सुरू करायचो आणि दोघी एकदमच थांबायचो. मग ती म्हणायची, बरं, ठेवते.

म्हणून मला त्या कोर्टवर ती चाल एकदा हवी होती. तिथे आम्हाला बोलावं लागलं नसतं.

"तुझी चाचणी?" मी फोनवर विचारलं होतं.

"माझं काय ते मी इकडून बघते," ती म्हणाली. "तू तुझं बघ."

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा लिफ्ट मेकॅनिक आहे. होय, आमचीच लिफ्ट बंद आहे. एक पार्ट यायचाय. शहरातल्या सगळ्या लिफ्टा हा माणूस चालू करतो आणि संध्याकाळी धापा टाकत पाच मजले चढून घरी येतो. शेजारी त्याच्याशी बोलत नाहीत, फक्त त्याला जिन्यात गाठून त्याच्याकडे बघतात.

"त्यात काय," तो चहा ओतत म्हणाला. "लिफ्ट वर नेणं सोपं असतं. मोटर लावली की जाते. कसरत असते ती मजल्याशी बरोबर उभी करण्यात. तुझी मोटर चांगली आहे. ब्रेक गेलाय."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू ताकद-ताकद करत होतीस. मला वाटलं, मोटरचंच चाललंय."

ट्रेनरने व्यायाम लिहून दिले. खुर्चीवर बसल्यासारखं खाली जायचं आणि झटकन उठायचं. पायरीवरून खाली उडी मारायची आणि जिथे पडलो तिथेच चिकटायचं, एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. जागेवरून उंच उडी मारून भिंतीवर बोटं टेकवायची आणि दर आठवड्याला खूण किती वर गेली ते बघायचं. उडी वाढली की पॉवर वाढली असं समजायचं.

घरी उड्या सुरू केल्या तर तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे ग्रंथपाल वर आले. त्यांच्या वाचनालयातली 'शांतता राखा' ही पाटी आमच्या दाराला अडकवली आणि खाली गेले. जातानाही एकेक पायरी, दम खात.

मग मी उड्या कामावर नेल्या. मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक खोली आहे, त्यात एका बाजूला मेणाचं आणि प्लास्टरचं टेबल, दुसऱ्या बाजूला पॉलिशची मोटर, मध्ये फिरतं स्टूल. आख्खा दिवस त्या स्टुलावर बसून मी लोकांच्या हसण्याची सोय करते. खोलीची एक सोय होती. बोटं कायमच प्लास्टरने पांढरी, त्यामुळे उडी मारली की भिंतीवर आपोआप ठसा. दोन आठवड्यांत भिंत अशी दिसायला लागली की जणू कोणीतरी आत अडकलंय आणि बाहेर पडायला बघतंय.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पॉवर," मी म्हटलं. "एकतीस सेंटिमीटरवरून चौतीस."

त्या मला एक दिवस सुट्टी घ्यायला सांगून गेल्या.

टेबल ते मोटर आडवं सरकण्याचा सराव मी जेवणाच्या सुट्टीत करायचे. एकदा मोटरपाशी थांबायचं होतं तिथे थांबले नाही आणि तयार कवळ्यांचा ट्रे खाली आला. दात एकही तुटला नाही, फक्त नावाच्या चिठ्ठ्या सुटल्या. मी अंदाजाने लावल्या. अशा तऱ्हेने एका निवृत्त मुख्याध्यापकांची कवळी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या काकांच्या तोंडात गेली आणि त्यांची मुख्याध्यापकांच्या. बसायला नको होत्या, पण बसल्या. चौथ्या दिवशी क्लॅरिनेटवाले आले, म्हणाले, वरचा सूर लावला की आपण कोणालातरी रागावतोय असं वाटतं. मुख्याध्यापकांना फोन केला तर ते परत द्यायलाच तयार होईनात. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी वाजवता येत होती.

चौथ्या आठवड्यात गच्चीवर चाचणीची आखणी केली. शंकू नव्हते, म्हणून चार कुंड्या पालथ्या घातल्या. नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून टेप घेतली आणि एकटीने सगळं मोजून मांडलं. नवरा स्टॉपवॉच घेऊन टाकीवर बसायचा. पहिल्या दिवशी चौदा पूर्णांक एक. मग तेरा सहा. मग तेरा तीन. पाय आता जागेवर रोवले जायला लागले होते. कुंडीपाशी पोचून वळताना मांडीतून एक कळ जायची, आणि त्या कळेत मला माझी जुनी ओळख पटायची. पाचवा आठवडा संपताना नवरा टाकीवरून म्हणाला, "बारा नऊ."

मी त्याला तीनदा वाचायला लावलं.

त्या रविवारी मी ताईला सांगितलं, "तेराच्या आत आले."

मला वाटलं, लाईन गेली.

"ऐकतेय," ती म्हणाली. "नीट थांबतेस ना, भोवऱ्या?"

"थांबते."

"बरं. ठेवते."

मॅचच्या आदल्या दिवशी सकाळी हॉलमध्ये चाचणी होती. स्कोअरबोर्ड कोणीतरी आधीच लांब नेऊन ठेवला होता. मी पळाले, थांबले, सरकले, वळले, सगळं जिथल्या तिथे.

"तेरा दोन," ट्रेनर म्हणाली.

दुसऱ्यांदा तेरा दोन. तिसऱ्यांदा तेरा एक. चौथ्यांदा मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

"उद्या सकाळी एक संधी देते काकू. मॅचच्या आधी. त्यानंतर माझ्या हातात नाही."

मी तडक घरी आले आणि नवऱ्याला गच्चीवर नेलं. "तुझं घड्याळ हळू चालतं," मी म्हटलं.

त्याने घड्याळ तपासलं. मग कुंड्या बघितल्या. मग कुंडीजवळ पडलेली टेप उचलली आणि माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघितलं, जणू मी त्याच्या आईची बांगडी विकलीय.

"ह्या टेपने मोजलंस?"

"मग कशाने?"

"हिची पहिली दहा सेंटिमीटरं तुटलीत. हिचा आकडा दहापासून सुरू होतो. मोजताना दहा वजा करायचे."

"हे कोणाला माहीत असतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. वर्कशॉपमध्ये कोणालाही विचार."

"मी वर्कशॉपमध्ये राहते का?"

त्याने बोटांवर हिशोब केला. पाच मीटरची टेप, लांब अंतराला दोनदा लावलेली, म्हणजे एका फेरीत ऐंशी सेंटिमीटर कमी. दोन-तीन आठवडे मी एका आखूड जगात चपळ झाले होते. आमचे पडदे सात वर्षं जमिनीवर का लोळतायत, तेही मला त्याच वेळी कळलं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

दुपारी ताईची टॅक्सी आली. ती उतरली, केस पांढरे, चष्मा नवीन, बाकी तीच. मिठी मारली आणि दोघींनी एकदम बोलायला सुरुवात केली आणि एकदम थांबलो. मी तिची बॅग उचलली आणि पायांत दम आहे हे दाखवायला एका झपाट्यात पाचव्या मजल्यावर गेले. दार उघडलं, पंखा लावला, पाणी ओतलं. ताई नाही. गॅस लावला, चहा टाकला. ताई नाही. शेवटी खाली बघायला गेले, तर ती चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसली होती, एक पाय सरळ लांब करून. शेजारी ग्रंथपाल उभे, त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास.

"यांना शांत बसू द्या," ते म्हणाले, ग्लास ताईच्या हातात दिला आणि गेले.

मी तिच्या शेजारी बसले. तिने पॅंट गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघ्यावर उभा व्रण होता, जुना होऊन चकाकणारा.

"कधी?"

"दोन वर्षं झाली. आत दोन स्क्रू आहेत. पळायचं नाही, उडी मारायची नाही."

"फोनवर सांगायचंस."

"दर रविवारी गुडघ्याबद्दलच तर बोलायचो आपण."

"दुखतोय म्हणायचीस. स्क्रू घातलेत असं कुठे म्हणालीस?"

तिने ग्लासातलं पाणी संपवलं. "तू सांगायचीस, आज चौतीस सेंटिमीटर, आज तेरा तीन. धाप लागलेली असायची तुला. ती मला ऐकायची असायची. मी माझं सांगितलं असतं तर तू पळायची थांबली असतीस."

खोटं नव्हतं ते.

"मग तू आलीस कशाला?" मी जरा वाकड्यातच विचारलं. मला रडू येत होतं आणि जिन्यात ते बरं दिसलं नसतं.

"बघायला. इतकी वर्षं तुझा पास घेतला मी, पण तू थांबायचीस कशी, ते एकदाही बघितलं नाही. मी तेव्हा पळत असायचे ना."

वरून चहा उतू गेल्याचा वास आला. दोघींपैकी कोणी उठलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "किती कमी पडतायत?"

"दोन दशांश."

"जिना उतरून दाखव. पळत. आणि खालच्या वळणावर थांब."

मी उतरले, थांबले. ती वरून बघत होती.

"वळायच्या आधी ताठ होतेस तू. शेवटच्या क्षणाला खाली वाकतेस. दोन पावलं आधीपासून बसायला लाग. मी रोज उतरते ना, मला कळतं. चढताना मला काही होत नाही, फक्त वेळ लागतो. उतरताना प्रत्येक पायरीला स्वतःला धरावं लागतं."

त्या जिन्यात मी तेवीस वेळा उतरले. चोविसाव्या वेळी ग्रंथपालांनी दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई हॉलमधल्या बाकावर बसली. मी शंकूच्या दोन पावलं आधी बसायला लागले, पाय रोवला, सरकले, वळले.

"बारा नऊ," ट्रेनर म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी आलं. मी लगेच त्याचा फायदा घेतला.

"हिला पण घ्या," मी ताईकडे बोट दाखवलं. "ती पळणार नाही. एका जागी उभी राहील."

ट्रेनरने ताईचा गुडघा बघितला, दाबला, वाकवला, तिच्या डॉक्टरांचा कागद वाचला. "उभं राहायला काही चाचणी नाहीये माझ्याकडे," ती म्हणाली. "पण फक्त दोन मिनिटं. माझ्या घड्याळाप्रमाणे. एक पाऊल उचललं तर बाहेर."

"ताईला झाडासारखं लावायचं मध्ये," कॅप्टन म्हणाली. "पाणी कोण घालणार?"

मॅच सुरू झाली. समोर क्लबच्याच तरुण मुली. बारा मिनिटं आम्ही नुसत्या त्यांच्यामागे फिरलो. मग ट्रेनरने हात वर केला, ताई सावकाश चालत आली आणि बास्केटच्या डावीकडे, आपल्या जुन्या जागी उभी राहिली. स्टॉपवॉच सुरू झालं.

पहिलं मिनिट वाया गेलं. कॅप्टनने चेंडू दोनदा चुकीच्या बाईला दिला, एकदा पंचाला. मग तो माझ्याकडे आला.

मी कोपऱ्याकडे सुटले. दोन मुली मागे, दोघींच्या श्वासाचा आवाज येत होता, दोघींचं वय मिळून माझ्याएवढं. कोपऱ्याच्या दोन पावलं आधी मी बसले. पाय रोवला गेला, मांडीतून ती कळ गेली, आणि मी थांबले. त्या दोघी पुढे गेल्या. मी न बघता चेंडू डावीकडे टाकला.

बुटांचा आवाज आला नाही. चेंडू तळव्यांत पडल्याचा आला. मी मान वळवली. खेळताना कधी वळवली नव्हती. ताई दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, हात उंचावून उभी होती. ती चेंडूकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग तिने फेकला.

चेंडू बास्केटच्या कड्यावर आदळला आणि कडं व फळी यांच्या फटीत जाऊन अडकला.

कॅप्टनने खालून दुसरा चेंडू मारला, लागला नाही. मी उडी मारली. छत्तीस सेंटिमीटर तरी असेल. बोटं चेंडूच्या हातभर खाली राहिली. आणखी दोनदा मारली. कोणीतरी लांब दांड्याचा झाडू आणला. मी त्याने चेंडूला खालून ढोसलं, तर झाडूही अडकला.

ट्रेनरने स्टॉपवॉच बघून शिट्टी वाजवली. ताईची दोन मिनिटं झाली होती. मॅच दुसऱ्या बाजूच्या बास्केटवर पुढे खेळवली. चेंडू आणि झाडू सोमवारी शिडी आणून काढले, तोवर ताईचं विमान गेलं होतं.